प्रार्थना करूनही काळजी जात नाही, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "गेले आठ महिने मनात सतत धास्ती असते. पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. प्रार्थना करते, पण ‘आमेन’ म्हटल्यावर पाच मिनिटांत पुन्हा तेच सुरू. रविवारी उपासनेत सगळे मनापासून गात असतात आणि मला काहीच वाटत नाही. ‘विश्वास असता तर काळजी राहिलीच नसती’ असं मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने मला सांगितलं. खरंच माझा विश्वास कमी आहे का? आणि देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?"

ताई, आधी त्या वाक्याचं बघू. तुमच्या काळजीपेक्षा ते वाक्यच तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय. पाळक म्हणून २७ वर्षं माणसांशेजारी बसतोय, आणि हे वाक्य जितक्या जणांना जखमी करून माझ्याकडे घेऊन आलं, तितकं दुसरं कुठलंच नाही. बोलणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. शास्त्राचा आधारही ते देतात: "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका", फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४.

पण हे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचंच दुसरं एक पत्र उघडा. करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ११. तिथे तो आपल्या हालअपेष्टांची यादी देतो. फटके, तुरुंग, तारू फुटणं, भूक, थंडी. आणि यादीच्या शेवटी म्हणतो की या सगळ्याशिवाय रोज माझ्यावर एक ओझं असतं, ते म्हणजे सर्व मंडळ्यांविषयीची चिंता. मूळ ग्रीकमध्ये इथे जो शब्द आहे, त्याच शब्दापासून झालेलं क्रियापद फिलिप्पैच्या चौथ्या अध्यायात आहे. एवढंच कशाला, त्याच फिलिप्पैच्या पत्रात दोन अध्याय आधी आपला तरुण सहकारी तीमथ्य याचं कौतुक करताना पौल म्हणतो की तुमची खरी काळजी करणारा त्याच्यासारखा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. तिथेही तेच क्रियापद. म्हणजे जिवाभावाच्या माणसांबद्दल जीव टांगणीला लागणं हे पौलाला ठाऊक होतं, आणि त्यापायी त्याने स्वतःला अविश्वासी ठरवलं नाही. "चिंताक्रांत होऊ नका" ही त्याने केलेली झडती नाही. लगेच पुढचा शब्द "तर" आहे, आणि त्या "तर"नंतर चिंतेचं काय करायचं ते त्याने सांगितलंय. आणि त्या वचनाच्या अगदी आधीचं वाक्य काय आहे? "प्रभू समीप आहे." वचन तोडून सांगणारे हे वाक्य हमखास गाळतात.

आपल्या मराठीत एक गंमत आहे. काळजी ‘करतात’ आणि काळजी ‘घेतात’. शब्द एकच, पण केलेली काळजी माणसाला पोखरते आणि घेतलेली काळजी माणसाला सांभाळते. पेत्राच्या पहिल्या पत्रात ५:७ मध्ये हे दोन्ही शेजारी शेजारी येतात: आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. आता हा पेत्र कोण, ते आठवा. येशूचा शिष्य. वादळात हेलकावे खाणाऱ्या मचव्यात तो होता. येशू उशी घेऊन झोपला होता आणि शिष्य त्याला हलवून विचारत होते, "गुरुजी, आपण बुडत आहोत, याची आपणाला काळजी नाही काय?" मार्काच्या शुभवर्तमानातल्या या प्रश्नात जे ग्रीक क्रियापद आहे, तेच पेत्राच्या पत्रातल्या "काळजी घेतो" मध्ये आहे. तेव्हा किंचाळून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कित्येक वर्षांनी त्यानेच लिहून ठेवलं, असं मला ते वाचताना नेहमी वाटतं. आणि मार्क सांगतो त्या क्रमात येशूने आधी वारा शांत केला, विश्वासाबद्दल मग विचारलं. आधी परीक्षा आणि मग मदत, असं त्याने केलं नाही.

आता "चिंता टाका" म्हणजे काय. ‘टाका’साठी जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात फक्त दोनदा येतो. दुसरी जागा लूक १९ मध्ये आहे. यरुशलेमेत शिरण्याआधी शिष्य आपली वस्त्रं शिंगराच्या पाठीवर टाकतात, ती. म्हणजे हातातली वस्तू उचलून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायची. लोक मला सांगतात, "मी टाकली होती हो चिंता, पण ती परत आली." आणि त्यांना वाटतं आपलं टाकणंच खोटं होतं. पेत्राने ही ओळ घेतलीय स्तोत्र ५५ मधून. ते स्तोत्र सबंध वाचा, आजच वाचा. त्यात माणूस म्हणतो की माझं काळीज आत कळवळतंय, मला थरकाप सुटलाय, पारव्यासारखे पंख असते तर मी उडून रानात गेलो असतो. मग म्हणतो की संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी मी काकुळतीने कण्हत राहीन. दिवसातून तीनदा! आणि याच माणसाच्या तोंडून पुढे येतं: आपला भार परमेश्वरावर टाक. तेव्हा तुमची काळजी टाकल्यावर पाच मिनिटांत परत आली, तर शास्त्रातल्या माणसाचीही दुपारपर्यंत परत येतच होती. तो पुन्हा टाकत होता.

तुमचा प्रार्थनेचा प्रश्न मात्र मला जरा खोलात बघावासा वाटतो.

काही वर्षांपूर्वी एक बाई आठवड्यातून दोनदा प्रार्थनेसाठी येत. डोळे मिटले की सुरुवात व्हायची: "प्रभू, रिपोर्ट वाईट आला तर काय होईल, मग नोकरी जाईल, मग घराचे हप्ते, मग मुलीचं शिक्षण..." वीस मिनिटं. शेवटी ‘येशूच्या नावाने, आमेन’. उठताना त्यांचा चेहरा बसतानापेक्षा जास्त ओढलेला असायचा. माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला, हा माझाच दोष, की त्या देवाशी बोलतच नव्हत्या. त्या मनातल्या भीतीचा पाढा देवासमोर म्हणत होत्या, आणि पाढा म्हटला की तो अधिकच पाठ होतो. तुमचंही असं होतंय का, हे एकदा तपासा. ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रार्थनेत ‘तू’ किती वेळा येतो आणि ‘जर-तर’ किती वेळा.

मी त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि स्तोत्र १३ उघडलं. अवघी सहा वचनं. पहिल्या दोनांत तक्रार आहे: "कोठवर?" हा शब्द तिथे चार वेळा येतो. हे परमेश्वरा, कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. मधल्या दोनांत मागणी: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझे नेत्र प्रकाशित कर. शेवटच्या दोनांत वळण: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, मी गाईन. परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही मध्ये नाही. मी म्हटलं, तुम्हीही सहाच ओळी लिहा. दोन, दोन, दोन. पहिल्या दोन त्यांनी भराभर लिहिल्या. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. "नक्की काय मागू?" इतक्या महिन्यांत त्यांनी काही मागितलंच नव्हतं! शेवटी लिहिलं, "मंगळवारी डॉक्टरांसमोर बसल्यावर मला नीट ऐकू येऊ दे आणि विचारायचं ते विचारता येऊ दे." सहाव्या ओळीवर त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, मला हे अजून खरं वाटत नाही. मी म्हटलं, मग तसंच लिहा. त्यांनी लिहिलं: "मी भरवसा ठेवीन म्हणते, तू मला धरून ठेव." दुष्टात्म्याने ग्रासलेल्या मुलाचा बाप येशूला म्हणतो ना, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, तसंच हे. त्या बापाला येशूने परत पाठवलं नाही.

पौलानेही फिलिप्पैत तीन शब्द वापरलेत: प्रार्थना, विनंती आणि मागणी, आणि ती आभारप्रदर्शनासह देवाला कळवा म्हटलंय. ‘मागणी’ म्हणजे ठराविक, बोट ठेवता येईल अशी गोष्ट. "माझ्या मुलाचं सगळं चांगलं कर" ही मोघम इच्छा झाली. "गुरुवारच्या मुलाखतीत त्याला शांतपणे बोलू दे" ही मागणी. मोघम इच्छा मनात भिरभिरत राहते. ठराविक मागणी हातातून खाली ठेवता येते, आणि गुरुवार गेला की तिचं काय झालं ते बघताही येतं. आभारप्रदर्शनाबद्दल एकच सांगतो. संकटा‘बद्दल’ आभार मानायला कुणी भाग पाडत असेल तर ऐकू नका. पौल संकटाच्या ‘आत’ राहून आभार मानायला सांगतो. आज घडलेली एक खरी, छोटी गोष्ट शोधा. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ हे त्याच मोघम जातीचं.

आणि मग येते ती शांती. पुढच्याच वचनात पौल म्हणतो की देवाची शांती तुमची अंतःकरणं "राखील". हा शब्द लष्करी आहे, पहारा ठेवण्याचा. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, तिथे निवृत्त सैनिक वसवलेले होते, त्यामुळे वाचणाऱ्यांना पहारा म्हणजे काय हे सांगावं लागलं नसेल. पहारेकरी दाराशी उभा असतो तेव्हा बाहेर शत्रू नाही असा अर्थ होत नाही. मला स्वतःला ही शांती बहुतेक वेळा ‘वाटलेली’ नाही. नंतर मागे वळून पाहिल्यावर कळलंय की त्या दिवसांत मी कोसळलो नव्हतो.

पहाटे तीनचं बोलू. त्या वेळी लांब प्रार्थना करायला जाऊ नका, जमणार नाही. अंथरुणात पडल्या पडल्या वाद घालत राहू नका. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकवा, मंद दिवा लावा. घड्याळ आणि मोबाइल दोन्ही हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा. मग एक वचन घ्या, स्तोत्र ५६:३. श्वास आत घेताना: "मला भीती वाटेल तेव्हा". श्वास सोडताना, सावकाश, आत घेतल्यापेक्षा लांबवून: "मी तुझ्यावर भरवसा ठेवीन". श्वास सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, ही देवाने केलेली शरीराची रचनाच आहे. पण मला वचनातला शब्द जास्त आवडतो. ‘भीती गेल्यावर’ असं हे स्तोत्र रचणारा दावीद म्हणत नाही, ‘भीती वाटेल तेव्हा’ म्हणतो. लगेच पुढच्या वचनात तोच म्हणतो, मी भिणार नाही. एका श्वासात भीती, दुसऱ्यात भरवसा, आणि तोंड एकच. छोटं वचन पुन्हा पुन्हा म्हणायची ही रीत जुनी आहे. पाचव्या शतकात योहान कॅसियनने वाळवंटातल्या ख्रिस्ती साधूंकडून शिकलेलं असंच लिहून ठेवलं आहे. त्यांचं वचन स्तोत्र ७० चं पहिलं होतं, देवा, मला सोडवण्यास त्वरा कर. उठता, बसता, खाता, झोपता तेवढंच.

"तेच तेच म्हणणं म्हणजे व्यर्थ बडबड नाही का?" हा प्रश्न येतोच. अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूने तीनदा प्रार्थना केली, आणि मत्तय मुद्दाम नोंदवतो की तिसऱ्यांदा पुन्हा तेच शब्द होते. मत्तय ६ मध्ये येशू ज्याला नको म्हणतो ती समजूत वेगळी आहे: पुष्कळ बोललो तरच देव ऐकेल, ही.

इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण हे मी अनेकांत पाहिलंय. प्रार्थनाच कधी कधी काळजीचं नवं रूप होते. एक तरुण होता. मध्ये लक्ष विचलित झालं की पहिल्यापासून प्रार्थना सुरू करायचा, एखादं नाव राहिलं तर त्या माणसाला काहीतरी होईल या भीतीने. रोज दोन-दोन तास. घरच्यांना वाटायचं, काय भक्तिमान मुलगा! मी त्याला सांगितलं की प्रभूची प्रार्थना एकदाच म्हणायची, चुकली तरी दुरुस्त करायची नाही, आणि उठायचं. पहिला आठवडा त्याला फार जड गेला. सोबत मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवलं, कारण त्या जातीच्या भीतीला उपचार लागतात आणि ते आहेत. तुमच्या बाबतीत ‘नीट झाली नाही म्हणून पुन्हा’ असं होत असेल, तर प्रार्थना वाढवू नका, कमी करा.

आता उपासनेत काहीच न वाटण्याबद्दल.

माझ्या पत्नीचं मोठं ऑपरेशन होतं, त्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. शेकडो रुग्णांच्या खाटेशी मी प्रार्थना केलेली आहे. त्या रात्री "हे आमच्या स्वर्गातील पित्या" याच्या पुढे मला जाता येईना. तीनदा सुरू केलं, तीनदा अडलो. मंडळीतल्या एक वृद्ध बाई आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि ती प्रार्थना त्यांनीच सबंध म्हटली. मी फक्त आमेन म्हटलं, तेही पुटपुटलो. मार्क २ मध्ये पक्षघाती माणसाला चौघे जण छप्पर उकलून खाली सोडतात. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं तिथे लिहिलंय. खाटेवरच्या माणसाला त्या वेळी काय वाटत होतं, त्याबद्दल एक अक्षर नाही.

मंडळीची उपासना यासाठीच असते. तुम्ही गाऊ शकत नाही तेव्हा बाकीचे तुमच्या वतीने गातात, आणि तुम्हाला माहीतही नसतं की पुढच्या बाकावरच्याचं आज तुम्ही चालवताय. प्रभूची प्रार्थना ‘आमच्या’ अशी सुरू होते आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं पुढे म्हणते. आजची. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना हे अन्न मिळत होतं, तेही दिवसापुरतं. कुणी सकाळपर्यंत साठवलं तर त्यात किडे पडत. तुमच्या पहाटे तीनच्या विचारांत बहुतेक सगळा माल उद्याचा आणि परवाचा असेल. त्यासाठीची कृपा आज पदरात नाही म्हणून घाबरायला होतं, कारण ती उद्याच मिळणार आहे.

स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं पाहिली तर अभ्यासकांच्या मोजणीप्रमाणे साधारण तिसरा हिस्सा आक्रोशाचा, विलापाचा निघतो. स्तोत्र ८८ तर अंधारावरच संपतं. आपल्याकडे उपासनेत गाणी निवडताना सगळा कल आनंदाच्या गीतांकडे असतो, ही मंडळ्यांची चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मीही ती वर्षानुवर्षं केली. रडत आलेल्या माणसाला मग वाटतं की आपण चुकीच्या ठिकाणी आलो. तुमच्या पाळकांना सांगा, पुढच्या महिन्यात एक विलापाचं स्तोत्र वाचनात घ्या. ते नाही म्हणणार नाहीत.

गाणं काळजी घालवतं का? कधी कधी. पौल आणि त्याचा सोबती सीला याच फिलिप्पैच्या तुरुंगात पाय खोड्यात, पाठ फटक्यांनी फुटलेली, अशा स्थितीत मध्यरात्री गात होते. पण मी दुसरी एक जागा जास्त वाचतो. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले. वल्हांडण या यहुदी सणाच्या रीतीप्रमाणे ती ११३ ते ११८ पैकी उत्तरार्धातली स्तोत्रं असणार. "परमेश्वर माझ्या पक्षाचा आहे, मी भिणार नाही" हे ११८ मध्येच आहे. आणि ते गाऊन झाल्यावर काही वेळाने तोच प्रभू म्हणतो, माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे. गाणं कमी पडलं म्हणून खिन्नता आली, असं त्याच्याबद्दल म्हणायची कुणाची हिंमत आहे? मग तुमच्याबद्दल का म्हणावं?

शेवटचं, आणि हे टाळू नका. आठ महिने झोप उडालेली आहे. छातीत धडधडतं. आधी डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्या. थायरॉइडपासून हृदयापर्यंत बरीच कारणं असू शकतात. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडेही जा. गोळ्या सुरू झाल्या तर प्रार्थना केली म्हणून त्या मनाने बंद करू नका. कधी जगणं नको असे विचार आले, तर त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगा आणि डॉक्टरकडे जा, रविवारची वाट बघू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली "आता पुरे झाले, माझा अंत कर" म्हणून आडवा झाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली, ती त्यानंतर चाळीस दिवसांनी. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने विश्वास वाढव असं लिहिलं नाही, थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं.

या रविवारी जा. गाता आलं नाही तर गीतांचं पुस्तक उघडं धरून उभ्या राहा, तेवढं पुरे. आशीर्वादाच्या वेळी मान खाली घालायची सवय असेल तर या खेपेला वर पाहा. "परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो" हे शब्द तुमच्या चेहऱ्याकडे पाहून म्हटले जातात. आणि त्या वडीलधाऱ्यांना भेटलात तर भांडू नका. माझ्यासाठी रोज पहाटे तीनला उठून प्रार्थना कराल का, एवढंच विचारा.